राख, चिंच आणि डिशवॉशर

डिशवॉशर घ्यायचा म्हटलं की लोक आधी विचारतात, कोणत्या कंपनीचा? मग विचारतात, किती जणांचा? आमच्या वऱ्हाडात मात्र पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. तुमच्या घरी पाणी कुठलं येतं? आणि दुसरा त्याहून अवघड. आजवर तुमच्या घरात भांडी कोण घासत आलंय? मी आपली साधी मशीन बघायला निघाले होते, पण या दोन प्रश्नांनी मला पार शे-सव्वाशे वर्षं मागे नेलं. वाटेत जे जे सापडलं ते इथे मांडतेय.

आधी पाण्याचं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदी वाहते, आणि तिच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत जमिनीखालचं पाणी खारं आहे. विहीर काठोकाठ भरलेली, पण पाणी तोंडात घेववत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, अंगावर पाणी घेतलं की कातडी ताणल्यासारखी वाटते. पट्ट्याबाहेरच्या लोकांना हे सांगून पटत नाही. त्यांना वाटतं, पाणी म्हणजे पाणी!

आता अशा पाण्यात भांडी घासायची कशी? आपल्या आज्या-पणज्यांनी याचं उत्तर शोधलं नव्हतं, ते चुलीतच होतं. राख. वऱ्हाड म्हणजे कापूस आणि तूर. त्यामुळे चुलीत जळायचं ते मुख्यतः पऱ्हाटी, तुराटी आणि गोवऱ्या. या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ओली राख तेलकट भांड्यावर घासली की त्यातला क्षार तेलाशी मिळून थोडासा साबणच तिथल्या तिथे तयार होतो, आणि राखेचे बारीक कण खरवडण्याचं काम करतात. नारळाची शेंडी आपल्याकडे कुठून येणार, मग चिंध्यांचा बोळा. मूठभर राख, ओंजळभर पाणी, नंतर एका घमेल्यात खंगाळायचं आणि दुसऱ्यात काढायचं. फेस नाही, त्यामुळे फेस धुवायला पाणी नाही. ज्या भागात गोडं पाणी दुरून डोक्यावर आणायचं, तिथे ही पद्धत मागासलेली नव्हती. अगदी हिशेबाची होती.

चिंचेचंही तसंच. तांब्या-पितळेवर जो काळपट थर चढतो तो ऑक्साइडचा. चिंचेतल्या आम्लात तो विरघळतो. म्हणून गुंड, कोपर, समया, देवाची भांडी सगळी चिंचेनं. मात्र पितळेच्या गंजात आंबट वरण किंवा कढी करायची तर आतून कल्हई हवीच. कल्हईवाला दारात यायचा, भाता मांडायचा, भांडं तापवून त्यात नवसागर टाकायचा आणि मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसून घ्यायचा. कथील २३२ अंशाला वितळतं, त्यामुळे साध्या कोळशाच्या भट्टीवर हे काम होऊन जायचं. काळं भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं व्हायचं. आमच्या पिढीनं त्या धुराचा वास शेवटचा घेतला असावा.

पण राख आणि चिंच आपोआप घासत नाहीत. घासायला हात लागतात. आणि इथून इतिहास जरा अवघड व्हायला लागतो.

घरात हे हात कुणाचे, ते सांगायची गरज नाही. नव्या सुनेचे. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती जेवणार आणि मग खरकट्याचा ढीग घेऊन न्हाणीत नाहीतर मागच्या अंगणात बसणार. जरा बरी परिस्थिती असलेल्या घरात बाई यायची, पण कोणती बाई कोणत्या भांड्याला हात लावणार याचे नियम पक्के होते. उष्टं, खरकटं, सोवळं, विटाळ असे आपल्या भाषेत एकाच कामाभोवती किती शब्द आहेत बघा. घासायला दिलेलं भांडं घरात परत घेताना त्यावर पुन्हा पाणी शिंपडणारी घरं होती. म्हणजे ज्या हातांनी भांडं स्वच्छ केलं, त्याच हातांनी ते बाटलं असं समजायचं! आणि ज्यांच्या स्पर्शाचाच विटाळ मानला जायचा, त्यांना तर त्या विहिरीचं पाणीसुद्धा नव्हतं.

या सगळ्यातून एकच सुटका होती, ती पंगतीची. रोडगे आणि वांग्याच्या भाजीची पंगत बसली की पळसाच्या पानांच्या पत्रावळी. जेवण झालं की पत्रावळ उचलून टाकली, विषय संपला. घासायला उरायचे फक्त भाजीचे मोठे गंज. माझ्या मते बायकांना रोडग्याची पंगत आवडायची त्याचं अर्धं कारण वांग्यात नसून पत्रावळीत होतं.

याच मातीत एका माणसानं ताटाचा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेनं सोडवला. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. परीट समाजात जन्म. लोकांचे मळके कपडे धुणं हे ज्या समाजाच्या वाट्याला आलेलं काम, त्यातला हा माणूस दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनातून लोकांची डोकी झाडायचा. त्यांचं ताट म्हणजे एक फुटकं गाडगं. त्यातच भाकर, त्यातच पाणी, आणि नावही त्यावरूनच पडलं. आपलं उष्टं दुसऱ्यानं काढायचा प्रश्नच ठेवला नाही. घरातली भांडी मोडा, भाकर हातावर घेऊन खा, पण पोरांना शिकवा असं ते लोकांना सांगत. ताट-वाटीवरून प्रतिष्ठा मोजणाऱ्या समाजाला हे सांगणं सोपं नव्हतं. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावपाशी ते गेले. २००५ पासून अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

दुसरं नाव पंजाबराव देशमुखांचं. १९२० च्या दशकात त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत. आज हे वाचताना काही विशेष वाटत नाही. पण तो काळ बघा. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. अशा दिवसांत वेगवेगळ्या जातींच्या मुलांनी एका छपराखाली राहायचं, जेवायचं, म्हणजे त्यांची ताटंही शेजारी शेजारी आली. भाषणात समता आणणं सोपं असतं. ती खरी अडते ताट-वाटीपाशी.

असो. पुन्हा भांड्यांकडे येऊ.

१९१३ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डला हॅरी ब्रेअर्ली नावाच्या माणसानं न गंजणारं पोलाद तयार केलं. तो बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून धडपडत होता, पण त्याचा फायदा सगळ्यात जास्त कुणाला झाला असेल तर तो आपल्याकडच्या बायकांना. साठ-सत्तरच्या दशकांत स्टील आपल्या घरात शिरलं. पितळ मोडीत दिलं आणि स्टीलचे डबे, ताटं आणली. त्यावर नावं कोरून घेतली. कल्हई संपली, चिंचेनं घासणं सणापुरतं राहिलं. त्याच सुमारास शहरात गॅस आला. गॅस आला म्हणजे चूल गेली, चूल गेली म्हणजे राख गेली, आणि राख गेली म्हणून साबणाची वडी आली. साबण आला तसा फेस आला, आणि फेस धुवायला पाणी जास्त लागायला लागलं. प्रत्येक पायरीला आपल्याला वाटलं की काम हलकं झालं. झालंही. पण पाण्याचा खर्च गुपचूप वाढत गेला, आणि तोही अशा भागात जिथे अमरावतीची तहान मोर्शीकडच्या अप्पर वर्धा धरणावर आणि अकोल्याची महानच्या काटेपूर्णा धरणावर अवलंबून आहे. पाऊस रुसला की अकोल्यात नळ किती दिवसांनी येणार याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत.

हात मात्र तेच राहिले. म्हणजे सुनेचे सुटले आणि बाईचे आले. सून शाळेत, बँकेत, ऑफिसात जायला लागली आणि शेती परवडेनाशी झालेल्या घरांतल्या बायका शहरात आल्या. २००६ साली केंद्र सरकारनं विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांचं पॅकेज जाहीर केलं त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. त्या आकड्यांमागच्या कितीतरी घरांतल्या बाईला शहरात पहिलं काम मिळालं ते धुणी-भांडीचं. या कामाला ना रजा, ना पगारवाढ, ना कागद. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडलं. आणि त्याचा अर्थ काय ते कळलं २०२१ मध्ये. एप्रिलमध्ये सरकारनं घरकामगारांना पंधराशे रुपये मदत जाहीर केली, पण ती नोंदणी असलेल्यांना. आपल्याकडे येणाऱ्या बाईंची नोंदणी आहे का, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलंय?

आता जरा दूर जाऊ, अमेरिकेत. इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावी जोसेफिन कॉक्रेन नावाची बाई राहायची. सुखवस्तू घर, चिनी मातीची जपून ठेवलेली भांडी, आणि ती घासायला नोकर. नोकरांच्या हातून त्यांच्या कडा उडायच्या म्हणून ती स्वतः घासायला लागली, आणि मग वैतागून तिनं यंत्र करायचं ठरवलं. म्हणजे सुरुवात काही श्रमिकांच्या कळवळ्यातून झाली नव्हती! पण १८८३ मध्ये नवरा वारला, मागे कर्ज ठेवून. छंदाचं पोट भरायचं साधन करावं लागलं. २८ डिसेंबर १८८६ ला तिला पेटंट मिळालं. तिच्या आधीही लोकांनी अशी यंत्रं केली होती, पण तिनं ताटांच्या मापाच्या तारेच्या जाळ्या केल्या आणि घासण्याऐवजी पाण्याच्या जोरानं धुवायची कल्पना आणली. आजच्या मशीनचं पोट उघडून बघा, तेच आहे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिची यंत्रं चालली.

गंमत पुढे आहे. यंत्रं घेतली हॉटेलांनी, घरांनी नाही. घरात तेवढं गरम पाणीच नसायचं. शिवाय घरातल्या बाईचा वेळ फुकट असतो असं सगळ्यांनीच धरलेलं. जो वेळ कुणी मोजत नाही तो वाचवायला कोण पैसे घालणार? अमेरिकेतल्या घरांत हे यंत्र रुळायला पुढे अर्धं शतक आणि वर काही वर्षं लागली.

आपल्याकडेही तेच झालं, फक्त कारण वेगळं. बाई स्वस्तात मिळत होती तोवर यंत्राची कुणाला आठवण झाली नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, बायका यायच्या थांबल्या, आणि डिशवॉशरची मागणी एकदम वाढली. अमरावतीकरांना तर ती फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा भोगावी लागली, बाकीचा बराचसा महाराष्ट्र मोकळा असताना. त्या दिवसांत ज्या पुरुषांनी आयुष्यात पहिल्यांदा कढई घासली त्यांना या कामाची किंमत कळली असावी. आता सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. म्हणजे दुकानातला मुलगा आग्रह करणारच.

तर घ्यायचा झाला तर काय बघायचं? मी जेवढं समजून घेतलं ते असं.

पहिलं पाणी. मशीनमध्ये पाणी मऊ करायची सोय असते. रेझिनचे बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी दमले की मिठाच्या पाण्यानं ताजे होतात. म्हणून मशीनला मीठ लागतं, आणि ते वेगळं मिळतं. स्वयंपाकातलं बारीक मीठ घालायचं नाही. पण नीट लक्षात घ्या, ही सोय कठीण पाण्यासाठी आहे, खाऱ्या पाण्यासाठी नाही. खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात सोडियमचे क्षार आधीच विरघळलेले असतात, ते हे मणी काढू शकत नाहीत. ग्लासवर पांढरी साय राहणार आणि स्टीललाही ते पाणी मानवणार नाही. नुसत्या टीडीएसच्या आकड्यावरही जाऊ नका. टीडीएस म्हणजे सगळे क्षार मिळून, त्यातला कठीणपणा किती ते वेगळं तपासावं लागतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतं. मशीन घ्यायचीच तर आधी प्लंबर बोलवा आणि धरणाचं पाणी मशीनपर्यंत वेगळं न्या.

दुसरं, पाण्याची बचत. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात मोजलं होतं की युरोपातले लोक बारा जणांची भांडी हातानं धुताना सरासरी १०३ लिटर पाणी वापरतात. आताची मशीन एका वेळी दहा-बारा लिटरमध्ये काम करते. हा फरक जाहिरातीत नेहमी सांगतात. पण त्या सरासरीत नळ सोडून धुणारेही आहेत. दोन घमेल्यांत खंगाळणाऱ्या आमच्या आजीला त्या प्रयोगात बसवलं असतं तर आकडे वेगळे दिसले असते. नळाखाली धुवायची सवय असेल तर मशीन पाणी वाचवते, घमेल्याची सवय असेल तर फारसं नाही.

तिसरं, भांडी. पितळ, तांबं, कल्हई, बिडाचा तवा, लाकडी लाटणं आणि साधं अ‍ॅल्युमिनियम यातलं काही मशीनमध्ये घालायचं नाही. अ‍ॅल्युमिनियम त्या तीव्र पावडरीनं काळं पडतं. स्टील, काच आणि चिनी माती उत्तम. म्हणजे स्टीलनं आपल्याकडे साठ वर्षांपूर्वी मशीनची पूर्वतयारीच करून ठेवली होती म्हणायची. दुकानात जाताना घरातली सगळ्यात मोठी कढई आणि कुकर सोबत न्या आणि आत बसतो का ते बघा. लोक हसतात, हसू द्या. सत्तर अंशांपर्यंत जाणारा प्रोग्रॅम आहे का बघा, आपली फोडणी त्याशिवाय सुटत नाही. आणि दुरुस्तीचा माणूस अमरावतीत किंवा अकोल्यात आहे की नागपूरहून येणार, हे लेखी विचारा.

चौथा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. तो आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींनी विचारला, घासता घासता, मान वर न करता. "ताई, मशीन आनसान त मले येऊ नोका म्हनसान काय?"

हिशेब सोपा आहे. समजा भांड्यांचे महिन्याला हजार रुपये. चाळीस हजारांची मशीन म्हणजे मावशींचे चाळीस महिने. वर मीठ, पावडर, चमक आणणारं द्रव, वीज वेगळी. हा वरखर्च धरला नाही तर कागदावर मशीन सुमारे साडेतीन वर्षांनी फायद्यात येते. पण हा हिशेब मांडताना आपण एका बाजूला यंत्र ठेवतो आणि दुसऱ्या बाजूला एक अख्खं घर, आणि दोन्हींना एकाच तराजूत तोलतो. जोसेफिनच्या काळात घरातल्या बाईचा वेळ कुणी मोजला नाही. आपण तो मोजायला शिकलो, पण कामाला येणाऱ्या बाईचा अजून मोजत नाही.

आईचं म्हणणं वेगळंच पडलं. "घेशीन त घे बाप्पा, पन कंबर तिचीबी दुखते, माहीबी दुखते." मला हे पटलं. हे काम चांगलं होतं आणि ते जाऊ नये, असा मुद्दाच नाही. खाली बसून, ओल्यात हात घालून, दुसऱ्यांचं खरकटं काढायचं काम कुणाच्याच मुलीला लागू नये. मात्र ज्यांनी ते इतकी वर्षं केलं त्यांना एका सकाळी मोकळं करणं ही काही प्रगती नव्हे. म्हणून आमच्याकडे ठरलं ते असं. मशीन घ्यायची. मावशींचा पगार तोच राहणार, त्यांनी मशीन लावायची, कढया-तवे घासायचे आणि उरलेल्या वेळात आईला पोळ्यांना मदत करायची. पोळ्यांचे पैसे वेगळे. त्यांची मंडळात नोंदणी करायची, त्यासाठी लागणारे कागद जमवायला मी सोबत जाणार. प्रत्येक घरी हे जमेल असं मी म्हणत नाही. पण कंपनी आणि रंग ठरवण्याआधी हा विषय घरात बोलला जावा, एवढं तर जमू शकतं.

आणि शेवटचं एक. कितीतरी घरांत अजून कामवाल्या बाईचा चहाचा कप वेगळा असतो. सिंकच्या कोपऱ्यात, खिडकीत, जिथे असेल तिथे. तो इतर कपांत मिसळत नाही. मशीनमध्ये सगळी भांडी त्याच फिरत्या पाण्यात धुतली जातात, आजोबांचं ताट, लेकराची वाटी, पाहुण्यांचे ग्लास. शंभर वर्षांपूर्वी या एका कारणावरून ती वऱ्हाडातल्या कितीतरी घरांनी उंबऱ्याबाहेर ठेवली असती. यंत्राला अर्थातच यातलं काही कळत नाही. कप आत ठेवायचा की खिडकीत, हे जाळी भरणारा हात ठरवतो.